लोडिंग अडकत होतं ते रोज एकाच जागी

गेल्या श्रावणातली गोष्ट. इचलकरंजीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. सकाळी शटर वर करून अजून उदबत्ती पण लावली नव्हती तोवर स्प्लेंडरवरून बाप-लेक आले, पोरगा मागे बसलेला, मांडीवर सीपीयूचा डबा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद कारण रिपरिप चालूच होती. पोरगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. वडील एका कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे यंत्रमाग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस.

काकांनी खिशातून नवीन एसएसडीची, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या फास्ट ड्राइव्हची, रिकामी पेटी काढून काउंटरवर ठेवली. १ टीबी, एनव्हीएमई, जेन फोर (फास्ट जातीतली), आणि वर मोठ्या अक्षरात ७००० एमबी पर सेकंद. "दोन महिने डबल पाळी करून घेतलीय ओ दादा," ते म्हणाले, "आणि गेम हाय तितकाच वेळ घेतोय. डुप्लिकेट माल गळ्यात मारलाय का तेवढं बघा."

पोराचं म्हणणं असं की जीटीए फाइव्ह सुरू व्हायला तीन मिनिटं लागतात, दिवाळीपर्यंत दीड मिनिटात व्हायचं, मग हळूहळू वाढत गेलं. मित्रांनी सांगितलं एसएसडी टाक, व्हिडिओत पण तेच, म्हणून यानं सगळ्यात फास्ट आकडा बघून ऑनलाइन मागवली, स्वतःच विंडोज टाकलं, आणि विंडोज खरोखर पंधरा सेकंदात चालू होतंय. गेम मात्र तशीच.

मी जोडून बघितलं. ड्राइव्ह अस्सल होता, काही डुप्लिकेट नव्हतं. पण दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक म्हणजे मदरबोर्ड साधा, एच३१० चिपसेटचा, हा ड्राइव्ह बसतो त्या एम डॉट टू स्लॉटला जुन्या पीसीआयई २.० च्या दोनच लेन (डेटा जायच्या वाटा), म्हणजे कागदावरच जास्तीत जास्त १००० एमबी, आणि स्पीड टेस्टला आले साधारण ८००. सात हजारचा ड्राइव्ह घेतला तरी ह्या बोर्डावर त्यातले सहा हजार कधीच मिळणार नव्हते आणि हे पेटीवर कुठेही लिहिलेलं नसतं. दुसरी गोष्ट अजून साधी. गेम नव्या ड्राइव्हवर नव्हतीच! ती होती तिथेच होती, डी ड्राइव्हला, जुन्या १ टीबी हार्डडिस्कवर. पोरानं विंडोज नवीन टाकलं आणि लाँचरला, म्हणजे गेम चालू करणाऱ्या ॲपला, जुना फोल्डर दाखवला, शंभर जीबीच्या वरची गेम परत कोण डाउनलोड करणार. ही चूक मी महिन्यातून दोनतीनदा तरी बघतो, त्यात पोराला हसण्यासारखं काही नाही, एसएसडी लावली की सगळा कॉम्प्युटर फास्ट होतो असंच सगळीकडे सांगितलेलं असतं.

इथे मी थांबलो असतो तर गेम हलवून दिली असती, दोनतीनशे रुपये घेतले असते आणि विषय संपला असता. पण ते "दिवाळीपर्यंत दीड मिनिट" माझ्या डोक्यातून जाईना. गेम तीच, डिस्क तीच, मग वेळ दुप्पट का व्हावा?

म्हणून मोबाईलवर स्टॉपवॉच लावून गेम तशीच सुरू केली, बाजूला टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरमध्ये कोण किती राबतंय ते दाखवतो) उघडा ठेवला. २ मिनिटं ५२ सेकंद. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एका ठिकाणी डिस्क १०० टक्क्यावर, म्हणजे पूर्ण राबतीये, पण ट्रान्सफर जवळपास शून्य आणि रिस्पॉन्स टाइम (उत्तर द्यायला लागणारा वेळ) चारपाच हजार मिलिसेकंद. परत सुरू केली, परत बरोब्बर त्याच जागी अडकली, आणि डब्याला कान लावला तर आतून टक्... टक्... असा आवाज. पोरगा म्हणाला हा आवाज तर रोजच येतो.

गेम बंद केली आणि डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. पिवळं, म्हणजे धोक्याची सूचना. करंट पेंडिंग सेक्टरचा आकडा तिथे हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) दिसतो, तो साध्या आकड्यात करून बघितला तर दोनशेच्या वर. म्हणजे इतक्या जागा आहेत की जिथलं डिस्कला वाचता येत नाहीये, ती परत परत प्रयत्न करतीये आणि घरगुती डिस्क असल्या एकेका जागेवर कितीतरी सेकंद झटत राहते, तोवर गेम तिथेच ताटकळत उभी. दिवाळीपासून वाढत गेलेला वेळ हा होता. डिस्क मरायला लागली होती आणि ते सगळ्यात आधी लोडिंगमध्ये दिसलं.

मी काकांना एकच विचारलं, ह्या डिस्कवर गेमशिवाय काय आहे?

ते पोराकडे बघायला लागले. पोरगा हळूच म्हणाला, "ताईच्या लग्नाचं सगळं यातच हाय." फोटो, व्हिडिओ, आणि हळदीला आजीनं जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या त्याचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. दुसरीकडे कुठे कॉपी नाही, पेनड्राइव्ह होता तो कधीच हरवला.

मग त्या दिवशीचं बाकीचं सगळं काम मी बाजूला ठेवलं. अशा वेळी माझा क्रम ठरलेला आहे, जे परत मिळू शकतं त्याला हात लावायचा नाही, जे परत मिळणार नाही ते आधी काढायचं. गेम काय, २०२० च्या मे मध्ये लॉकडाऊनात एपिक नावाच्या ऑनलाइन गेम स्टोअरवर फुकट मिळाली होती तीच, अकाउंटला आहे, शंभर वेळा डाउनलोड होईल. म्हणून गेम जुन्या डिस्कवरून कॉपी करायचीच नाही, मरत्या डिस्कला शंभर जीबी वाचायला लावणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला पळवणं. दुकानाच्या फायबर लाइनवर गेम नव्या ड्राइव्हवर सरळ नव्याने डाउनलोडला लावली आणि हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, फोटोंचे फोल्डर आधी, जी फाइल अडकेल ती सोडून पुढे जायचं, अडकलेल्या शेवटी.

यात तीनचार तास जाणार होते. काका कामावर गेले नाहीत, बाकड्यावरच बसून राहिले. त्यांना गप्प बसवेना म्हणून मी भंगारातली एक मेलेली हार्डडिस्क आणली आणि झाकण उघडून त्यांच्या हातात दिली. आरशासारखी तबकडी आणि त्यावर फिरणारा बारीक हात. जॉबर माणूस, त्यांनी बोटानं तो हात इकडून तिकडे फिरवला आणि लगेच विचारलं, "हे किती फेरे घेतं?"

मिनिटाला ७२००. म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांच्या थोडं वर. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर हात त्या रांगेवर सरकायला साधारण ९ मिलिसेकंद, सगळं मिळून एका तुकड्याला १३ धरा. मी पाटीवर मांडून दाखवलं, गेमनं विखुरलेले दहा हजार छोटे तुकडे मागितले तर दहा हजार गुणिले १३ मिलिसेकंद, म्हणजे १३० सेकंद, दोन मिनिटांच्या वर फक्त हात इकडून तिकडे पळण्यात गेली. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, एका तुकड्याला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास, दहा हजार तुकडे एका सेकंदात.

काका म्हणाले, "म्हणजे हा धोटा झाला की. आणि ती तुमची नवीन ती शटललेस."

धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारी कांडी, शटललेस मागाला तो नसतोच. मी तेरा वर्षं लोकांना हे समजावतोय, इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. ह्याच पळापळीमुळे गेमवाले पूर्वी एकच वस्तू डिस्कवर अनेक ठिकाणी छापून ठेवायचे, की हाताला लांब जायला लागू नये. २०२० मध्ये सोनीच्या पीएस फाइव्ह ह्या गेम खेळायच्या मशीनची माहिती देताना ते घडवणाऱ्या मार्क सर्नीनं सांगितलं होतं की स्पायडर-मॅन गेममध्ये काही तुकडे डिस्कवर चारशे वेळा होते. आणि त्या दिवसानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, हेलडायव्हर्स टू ह्या गेमवाल्यांनी पीसीवरची ही डबल-टिबल भरती काढून टाकली तर गेम १५४ जीबीवरून २३ वर आली, आणि हार्डडिस्कवाल्यांचं लोडिंग त्यामुळे वाढलं ते काही सेकंदच, कारण तिथे खरा वेळ नकाशा तयार करण्यात जात होता. काकांना हे त्या दिवशी सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी गेम उतरली. स्टॉपवॉच लावला. ४१ सेकंद. पोरगा खूश, पण लगेच चेहरा पडला, म्हणाला दादा सात हजारवाली असून ४१ का? मी माझ्या टेबलावरची टेस्टिंगची जुनी साटा एसएसडी (आधीच्या, हळू जोडणीची) लावली, सेकंदाला ५०० एमबीवाली, तीच गेम तिच्यावर कॉपी केली आणि परत लावलं. ४३ सेकंद.

दोन सेकंद! तिप्पट किमतीच्या वस्तूनं दोन सेकंद दिले. बोर्ड नवा असता तरी ह्या गेमला फार तर अजून एखादा सेकंद वाचला असता, कारण डिस्क तुकडा देऊन मोकळी होते पण तो उलगडायचा, मांडायचा, ग्राफिक कार्डाकडे पाठवायचा हे प्रोसेसरचं काम. ह्याच गेमच्या ऑनलाइन मोडचं लोडिंग वर्षानुवर्षं रखडायचं, लोक ड्राइव्ह बदलत बसले, आणि २०२१ मध्ये एका प्रोग्रामरनं शोधलं की १० एमबीची एक यादी प्रोग्राम इतक्या उलट्या पद्धतीनं वाचत होता की प्रोसेसरचा एकच कोर मिनिटंच्या मिनिटं त्यातच अडकायचा. त्यानं दुरुस्ती केली तर लोडिंग ७० टक्के कमी झालं, कंपनीनं ती मान्य करून त्याला १०,००० डॉलर दिले.

काकांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सायझिंगमधनं बीमच आलं न्हाई तर माग कसलाबी घ्या, उभाच राहणार." सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना, बीम म्हणजे तिथून मागावर चढायला येणारा सुताचा रूळ. बस, हेच.

पोराच्या मशीनला रॅमची ८ जीबीची एकच पट्टी होती, त्यात मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड (गप्पांचं ॲप) चालू, खेळताना झटके बसायचे ते त्यामुळे. माझ्याकडे एका बंद पडलेल्या मशीनची तशीच पट्टी होती ती लावून दिली आणि झटके गेले. त्याला खरं लागत होतं ते एवढंच, साधी साटा एसएसडी आणि एक पट्टी. (नवीन गेमला एसएसडी लागतेच हे मात्र खरं, सायबरपंक ह्या गेमनं २०२३ मध्येच हार्डडिस्कचा सपोर्ट काढला. फिरणारी डिस्क सोडणं ही मोठी उडी आहे, त्यानंतरच्या उड्या गेमसाठी फार लहान आहेत.)

काकांच्या डबल पाळ्या माझ्या डोक्यात होत्या. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक मित्र आहे, त्याचा बोर्ड जेन फोरचा, आणि त्याला रोज पन्नास-साठ जीबीच्या सलग मोठ्या फायली हलवायच्या असतात, तिथे हा ड्राइव्ह खरोखर पळतो. त्याला फोन केला. तो तासाभरात आला, टेस्ट बघितली आणि पाचशे रुपये कमी करून रोख दिले. त्यातून ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली, बॅकअपला एक बाहेरची डिस्क घेतली, विंडोज आणि गेम ह्या साटा एसएसडीवर घातले.

फोटो जवळपास सगळे निघाले, अकरा गेले. ओव्यांची फाइल शेवटपर्यंत अडकत होती, दोनदा कॉपी अर्ध्यावर तुटली, डिस्क अर्धा तास थंड होऊ दिली, तिसऱ्यांदा संध्याकाळी सात वाजता पूर्ण आली. दुकानातल्या छोट्या स्पीकरवर लावली. जात्याची घरघर आणि वर आजीचा आवाज. काका उभे राहिले होते ते चार मिनिटं तसेच उभे राहिले, पोरानं मधेच पुढे होऊन आवाज वाढवला. मी बाहेर जाऊन चहा सांगितला.

जाताना काकांनी ती उघडलेली भंगार डिस्क मागितली. परवा त्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघायला गेलो होतो, तर तबकडी दिवाणजीच्या टेबलामागे आरसा म्हणून लावलेली आणि आतला लोहचुंबक काकांनी काठीला बांधलाय, मागाखाली सांडलेल्या पिना त्यानं गोळा करतात.