बालमोरलची 'सोपी' पायवाट

"तासाभराचा निवांत फेरफटका आहे," असं स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावी मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं होतं, बालमोरल या ब्रिटिश राजघराण्याच्या इस्टेटीतल्या पायवाटेबद्दल. साडेचार तासांनी कमरेपर्यंत चिखल घेऊन खाली आलो, म्हणून हे लिहितोय.

व्हिक्टोरिया राणीने बालमोरलच्या टेकड्यांवर केर्न, म्हणजे आठवणीखातर दगडांचे ढीग, रचून घेतलेत. १८५२ ची इस्टेट खरेदी म्हणून एक, मुलांच्या लग्नांचे आणखी कितीतरी. सगळ्यांत मोठा तिच्या नवऱ्याचा, अल्बर्टचा. तो डिसेंबर १८६१ मध्ये गेला, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये राणी सहा मुलांना घेऊन वर आली. प्रत्येकाने इथे एकेक दगड ठेवला. झाडीतून बाहेर पडलं की तीन मजली घराएवढा पिरॅमिड एकदम समोर येतो. शिलालेखात राणीने स्वतःला 'भग्नहृदयी विधवा' म्हणवून घेतलंय. तिथे दहा मिनिटं गप्प बसलो. तेवढ्यासाठी चढाई वसूल.

आता उतार. पिरॅमिडपासून क्रॅथी गावाकडे येणारी ती तीव्र वाट पावसानंतर अजिबात धरू नका. पाइनची मुळं, त्यांवर ओल्या सुया, आणि काठी रोवावी तर काठीच निम्मी आत जाते. आपल्याकडचा घसारा परवडला, तिथे निदान दगड तरी घरंगळतो, इथे आपणच. मी तीनदा बसलो, एकदा चांगलाच जोरात. उलट दिशेने फिरा आणि हा टप्पा चढायला ठेवा. वर धाप लागली तर एवढंच आठवा, की पंतप्रधान ग्लॅडस्टन १८८४ मध्ये, ७४ व्या वर्षी, याच भागातला १,३०९ मीटरचा बेन मॅकडुई डोंगर चढून आले होते. मला तरी त्या आठवणीने धीर आला नाही, रागच आला.

पैशांचं सांगतो. बॅलेटर ते क्रॅथी टॅक्सीचे तीस पौंड गेले. अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर! अॅबर्डीनहून ब्रेमारला जाणारी २०१ नंबरची बस अगदी क्रॅथीला सोडते, परत येताना तीच घेतली. शेवटच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. केर्नसाठी कुठलंही तिकीट नाही. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये रानावनात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, मग इस्टेट राजाची का असेना.

बालमोरलचा वाडा? आम्हाला आत बॉलरूम दाखवली आणि संपलं. तिकिटाच्या मानाने फारच कमी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये राजघराणं मुक्कामाला आलं की तेवढंही बंद. त्यापेक्षा डी नदीवरचा, ब्रुनेल या इंजिनिअरचा पूल बघा आणि क्रॅथीच्या जुन्या दफनभूमीत जॉन ब्राउनची कबर शोधा. व्हिक्टोरियाचा हा लाडका नोकर १८८३ मध्ये गेला. आणि हो, उन्हाळ्यात मिज नावाची चिलटं फाडून खातात. डोक्यावर जाळी घ्या, मी घेतली नव्हती.