स्वस्त कार्ट्रिजमधला तबेला

जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलची कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेल्या प्लास्टिकच्या डब्या, पुष्कळदा ‘तपासलेली नाहीत, परत घेतली जाणार नाहीत’ अशा अटीवर गठ्ठ्याने विकली जातात. निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या जपानी कन्सोलचा असा गठ्ठा घेतला, तर त्यातून काय निघणार याचा अंदाज तो उघडण्याआधीच बांधता येतो : बेसबॉल, गोल्फ, फुटबॉल, महजाँग (सोंगट्यांचा खेळ), पाचिंको (गोळ्यांचे जुगारयंत्र) आणि घोड्यांच्या शर्यती. ज्या खेळांची नावे सर्वांच्या तोंडी असतात, ते विक्रेत्याने आधीच वेगळे काढलेले असतात. मी मात्र हा उरलेला गाळच हौसेने घेतो. अशाच एका गठ्ठ्यातून ‘डर्बी स्टॅलियन ३’ हे शर्यतीच्या घोड्यांचा तबेला चालवण्याच्या खेळाचे कार्ट्रिज माझ्याकडे आले. ते खेळण्याजोगे होईपर्यंत जे करावे लागले, ते येथे नोंदवतो.

हे खेळ स्वस्त असतात याचा अर्थ ते नाकारलेले होते असा नाही. बहुतेकदा वस्तुस्थिती नेमकी उलट असते. निन्टेंडोचा ‘महजाँग’ हा खेळ फॅमिकॉम, म्हणजे सुपर फॅमिकॉमच्या आधीचा कन्सोल, बाजारात आल्यानंतर लगेचच, ऑगस्ट १९८३ मध्ये निघाला आणि त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. एवढ्या प्रती अस्तित्वात असताना किंमत चढणार कशी? शिवाय क्रीडाखेळांची दरवर्षी नवी आवृत्ती निघत असल्यामुळे मागच्या वर्षीची आवृत्ती आपोआप शिळी ठरते, आणि जपानी मजकुराने भरलेला खेळ जपानबाहेरच्या ग्राहकाला नकोसा वाटतो. महागड्या कार्ट्रिजवरून आजच्या संग्राहकांना काय हवे आहे ते कळते, तर स्वस्त कार्ट्रिजवरून त्या काळी लोक घरोघरी खरोखर काय खेळत होते ते कळते. मला दुसऱ्या प्रश्नात अधिक रस आहे. ‘डर्बी स्टॅलियन’चेच पाहा. सोनोबे हिरोयुकी यांनी रचलेली ही मालिका १९९१ मध्ये फॅमिकॉमवर सुरू झाली, आस्की कंपनीने ती प्रकाशित केली आणि जपानमध्ये ती अफाट लोकप्रिय झाली. १९९५ मध्ये आलेला हा तिसरा भाग त्यामुळे तिथे कोणाला अपरिचित नव्हता; तो अपरिचित आहे तो आपल्यासारख्या बाहेरच्यांना.

विजेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तिथे अनेकांची यंत्रे जळतात. सुपर फॅमिकॉमचा मूळ अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्ट विजेसाठी बनवलेला आहे आणि तो १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर एकदिश (डीसी) प्रवाह देतो. पिनेचा मध्यभाग ऋण असतो, म्हणजे आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट. एनईएस या फॅमिकॉमच्या अमेरिकी रूपाचा अडॅप्टर दिसायला सारखा असला, तरी तो प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह देतो, म्हणून तो जवळपासही फिरकू देऊ नये.

कार्ट्रिज उघडण्यासाठी ३.८ मिलिमीटरचा विशिष्ट पाना लागतो, कारण निन्टेंडोने साध्या स्क्रू-ड्रायव्हरने न फिरणारे स्क्रू वापरले होते. आत पाहण्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. बोर्डावर निन्टेंडोचे नाव आणि ‘एसएचव्हीसी’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला दिसला, की ते अस्सल असल्याची बरीचशी खात्री पटते. खरे तर एवढ्या स्वस्त खेळाची नक्कल करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, आणि हाही या छंदाचा एक दुर्लक्षित फायदा आहे. संपर्कपट्ट्यांवर काळपट थर साचला होता. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसला आणि पट्ट्या पूर्ण वाळू दिल्या. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारण्याची सवय ज्यांना लहानपणी लागली, त्यांनी ती सोडावी. श्वासातील ओलाव्याने धातू गंजतो, आणि फुंकर मारू नका असे पुढे निन्टेंडोलाच सांगावे लागले.

यानंतर खेळ पहिल्यांदा सुरू झाला, तेव्हा नवा खेळ सुरू करण्याच्या पर्यायाबरोबरच आधीचा खेळ पुढे नेण्याचा पर्यायही दिसला. म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनंतरही आतली बॅटरी जिवंत होती आणि पूर्वीच्या मालकाचा तबेला तिने सांभाळून ठेवला होता. या खेळात आपण घोडीची निवड करतो, वळूघोड्याशी तिची जोडी जमवतो, शिंगरू वाढवतो, सरावाचे वेळापत्रक आखतो, जॉकी ठरवतो आणि पैसे संपले तर दिवाळखोर होतो. पिढ्यान्पिढ्या चालणारा हा उद्योग असल्याने जतन केलेली नोंद म्हणजेच सारा खेळ असतो.

मला जपानी येत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करण्याचा प्रयत्न केला, पण मोजक्या ठिपक्यांत कोंबलेली कांजी ही गुंतागुंतीची जपानी चिन्हे त्याला ओळखता येईनात. तेव्हा वहीत काताकाना या साध्या, उच्चारांवर आधारलेल्या जपानी लिपीची मुळाक्षरे उतरवून घेतली आणि ती शिकलो. हे कष्ट इतरत्र कदाचित वाया गेले असते, इथे मात्र पुरेपूर कामी आले, कारण जपानमधील शर्यतीच्या घोड्यांची नावे काताकानामध्ये आणि दोन ते नऊ अक्षरांतच असावी लागतात. यादीतले एकेक नाव अडखळत वाचता येऊ लागले, तसे लक्षात आले की पूर्वीच्या मालकाने सगळ्या घोड्यांच्या नावांना एकच पूर्वपद लावले होते. खऱ्या जपानी अश्वमालकांचीही तीच रीत आहे. ‘मेजिरो मॅक्क्वीन’ या प्रसिद्ध घोड्याच्या नावातले ‘मेजिरो’ हे असेच मालकाचे पूर्वपद होते. वंशावळीच्या पानावर तर एका घोडीपासून निघालेल्या अनेक पिढ्या दिसत होत्या. कोणीतरी यात फार वेळ घालवला होता, आणि तो अंदाधुंद घालवलेला नव्हता.

आता प्रश्न बॅटरीचा होता. खेळाची नोंद साठवणाऱ्या, कार्ट्रिजमधल्या एसरॅम स्मृतीला कन्सोल बंद असताना सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी वीज पुरवते. नव्या बॅटरीचा दाब ३ व्होल्टच्या आसपास असतो; तो २ व्होल्टच्या खाली घसरला, की माहिती टिकेल याचा भरवसा राहत नाही. माझ्या मल्टिमीटरवर २.६ दिसले. बॅटरी तशीच ठेवली तर तो तबेला केव्हातरी आपोआप पुसला जाणार होता, आणि बॅटरी काढली तर त्याच क्षणी. कन्सोल चालू ठेवून बॅटरी बदलण्याची एक युक्ती सांगितली जाते, कारण तेवढा वेळ स्मृतीला कन्सोलकडून ५ व्होल्ट मिळत राहतात. पण चालू विजेवर सोल्डरिंगची तापलेली टोकदार सळई फिरवणे हा प्रकार मला धाडसाचा नव्हे, अविचाराचा वाटतो. एखादी पट्टी क्षणभर दुसरीला टेकली, तर नोंदीबरोबर कार्ट्रिजही गमवावे लागते.

अनोळखी माणसाची नोंद जपावीच कशासाठी, असे विचारणारे भेटतात आणि त्यांचा प्रश्न गैर नाही. त्या माणसानेच ती विकून टाकली होती. तरीही माझे मत असे, की या कार्ट्रिजच्या हजारो प्रतींमध्ये वेगळेपण असलेली तेवढी एकच गोष्ट आहे. रॉममधला, म्हणजे न बदलणाऱ्या स्मृतीतला, खेळ प्रत्येक प्रतीत सारखाच असतो, तबेला तसा नसतो. म्हणून संगणकाला जोडण्याचे डंपर यंत्र मिळवले. ते कार्ट्रिजमधला रॉम आणि एसरॅम दोन्ही वाचून फाइल बनवते, आणि एसरॅमची फाइल पुन्हा कार्ट्रिजमध्ये लिहूही शकते. नोंद एकदा वाचून थांबलो नाही. पट्ट्यांचा संपर्क नीट झाला नसेल तर चुकीची माहितीही निमूटपणे वाचली जाते, म्हणून पुन्हा वाचली आणि दोन्ही फाइली अगदी सारख्या आहेत हे ताडून पाहिले.

प्रत्यक्ष बॅटरी बदलणे हे त्यामानाने सोपे काम आहे, घाई केली नाही तर. जुनी बॅटरी धातूच्या पट्ट्यांना जोडलेली असते आणि त्या पट्ट्यांची टोके बोर्डात सोल्डर केलेली असतात. ती टोके मोकळी करताना जोर लावून उपसली, तर बोर्डावरचे तांबे उचकटते. थोडे ताजे सोल्डर घालून जुने वितळवले की ती अलगद सुटतात. नवी बॅटरी आधीपासून पट्ट्या बसवलेली घ्यावी. लिथियमच्या बॅटरीला थेट तापलेली सळई लावणे धोक्याचे आहे, ती फुटू शकते. धन आणि ऋण बाजूंच्या खुणा बोर्डावर छापलेल्या असतात. काम झाल्यावर पुन्हा दाब मोजला, नोंद डंपरने परत लिहिली, झाकण लावले आणि खेळ सुरू केला. तबेला जागच्या जागी होता.

तो तबेला मी पुढे चालवला नाही. त्याची फाइल संगणकावर ठेवली आणि कार्ट्रिजमध्ये स्वतःचा खेळ नव्याने सुरू केला, कारण दुसऱ्याने घडवलेल्या वंशावर शर्यती जिंकण्यात मला गोडी वाटेना. अशा खेळाविषयी कोणी आधीच निकाल देऊन ठेवलेला नसतो, हे त्याचे मोठे आकर्षण आहे. नावाजलेला खेळ हाती घेतला की त्याच्या कोणत्या प्रसंगी भारावून जायचे हेही ठाऊक असते. इथे पहिला तास कंटाळवाणा होता, तो खेळ कंटाळवाणा असल्यामुळे की मला काही कळत नसल्यामुळे, हे ठरवायलाही वेळ लागला. हवामान, गवती मैदान की मातीचे, अंतर किती, एवढी मोजकी कांजी चिन्हे ओळखू लागल्यावर तो कंटाळा गेला. एक कोडे मात्र बरेच छळत राहिले : जपानी डर्बी ही तीन वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची शर्यत असताना खेळात चार वर्षांचे घोडे का मागतात? कारण निघाले ते असे, की २००० पर्यंत जपानमध्ये घोड्यांचे वय जन्मतःच एक धरून मोजत असत. तोपर्यंत मी माझे घोडे कोणत्या वर्षी कोणत्या शर्यतीत उतरवायचे याचे गणित करीतच होतो. ते आता बसले आहे. माझा पहिला डर्बी-घोडा मात्र मागच्या रांगेतच राहिला, कारण त्याचा पिता कमी अंतराच्या शर्यतींचा होता आणि वळूघोड्यांच्या यादीतला तो रकाना मला तेव्हा वाचता येत नव्हता.