किट कार बनवायचीय? मग आधी एक गाडी खोला

किट कार म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडलेली गाडी, तीच बनवायची म्हणून माझ्या गॅरेजमध्ये सध्या एक गाडी अर्धी खोललेली पडलीये, कोपऱ्यात स्क्वेअर पाइप उभे करून ठेवलेत आणि जो येतो तो विचारतो, कधी चालणार ही? त्यावर मी नुसता हसतो. पण "अरे पण सुरुवात कुठून करतात याची" असं कोणी विचारलं की मग मला थांबवणं अवघड, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

बहुतेकांना वाटतं की पहिल्या दिवशी वेल्डिंग मशीन लावायचं, ठिणग्या उडवायच्या आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी गाडीसारखं दिसायला लागणार. तसं काही नसतं बरं का. सुरुवातीचे बरेच दिवस तुम्ही गाडी बनवतच नसता, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे नटबोल्ट सोडवत बसलेले असता, आणि माझं तर ठाम मत आहे की ज्याला हे खोलायचं काम आवडत नाही त्याने ह्या भानगडीत पडूच नये.

मी बनवतोय तसल्या छोट्या, उघड्या, दोन सीटच्या गाड्यांचं मूळ म्हणजे लोटस ह्या ब्रिटिश कंपनीची सेव्हन. लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली आणली, पाइपची चासी (म्हणजे गाडीचा सांगाडा), वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, वजन ५०० किलोच्या आसपास, म्हणजे साधं इंजिन टाकलं तरी पळणार. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, किटवर लागायचा नाही, म्हणून लोक सुटे भाग घेऊन घरी जोडायचे. आणि असं सांगतात की किटसोबत जोडणीच्या सूचना द्यायला बंदी होती म्हणून लोटसने गाडी खोलायच्या सूचना दिल्या, घेणाऱ्याने त्या खालून वर वाचायच्या! १९७३ मध्ये तो टॅक्स जाऊन व्हॅट आला, किटचा तो फायदा गेला, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम ह्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. पण तोवर लोकांना घरी गाडी बनवायचा नाद लागला होता तो लागलाच.

आता पहिला निर्णय. पूर्ण किट घ्यायचं, फक्त तयार चासी घ्यायची, की पाइप कापण्यापासून सगळं स्वतः करायचं? वेल्डिंग हातात बसलेलं नसेल तर तयार चासी घ्या, त्यात कमीपणा काही नाही, कारण चासी बनवणं हा सगळ्या कामातला छोटाच भाग आहे. खरं काम नंतर सुरू होतं. मला पाइप कापायची हौस आहे म्हणून मी तो रस्ता धरला, एवढंच.

दुसरा निर्णय डोनर गाडीचा, म्हणजे जिच्यातून इंजिन, गिअरबॉक्स, डिफ (डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा), हब (ज्यावर चाक बसतं ते), ब्रेक सगळं काढायचं ती. माझ्या डोक्यात माझदा एमएक्स-५ पक्की होती आणि कारणं सरळ आहेत: इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं, मागची चाकं ओढणारी, पहिल्या दोन पिढ्यांत चारही बाजूंना डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेलं) सस्पेन्शन, म्हणजे सेव्हनसारख्या गाडीला जे लागतं ते जवळपास सगळं एकाच गाडीत मिळतं. पुढची चाकं ओढणारी गाडी घेतली तर तिचं आडवं इंजिन उचलून सीटच्या मागे टाकता येतं, पण मग ती वेगळीच गाडी झाली. मोटरसायकलचं इंजिन टाकणारेही आहेत, हलकं असतं, सिक्वेन्शियल (एकामागून एकच बदलणारे) गिअर असतात, आवाज तर विचारूच नका, फक्त त्याला रिव्हर्स गिअर नसतो हे पार्किंगमध्ये गेल्यावर आठवतं.

आणि डोनर अख्खी घ्या. इंजिन एकाकडून, डिफ दुसऱ्याकडून, वायरिंग तिसऱ्याकडून असं करायला गेलात तर स्वस्तात पडल्यासारखं वाटतं, पण मग एखादा ब्रॅकेट नाही, एखादा सेन्सर नाही, किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं लॉक) असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एका चावीचा आणि चावी भलतीच, आणि गाडी चालूच होत नाही. अख्खी गाडी असली की खोलण्याआधी ती चालवून बघता येते. गरम होऊ द्या, क्लच सरकतोय का, गिअर बदलताना खरखर होते का, धूर कसला निघतोय, जमलं तर कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का ते) करून घ्या. एकदा का इंजिन बाहेर जमिनीवर आलं की ह्यातलं बरंच काही कळत नाही.

खोलताना वायरिंगपाशी मात्र घाई नको. कापायचं नाही, कितीही मोह झाला तरी. प्रत्येक कनेक्टर सोडवायच्या आधी दोन्ही बाजूंना चिकटपट्टीवर एकच नंबर लिहायचा आणि फोटो काढायचा, तोही लांबून एक आणि जवळून एक, कारण नुसता जवळचा फोटो नंतर बघितला की ही काळी वायर बंपरमागची की डॅशबोर्डखालची हेच समजत नाही. जुन्या कनेक्टरचं प्लास्टिक वाळून कडक झालेलं असतं, ती छोटी खिट्टी नखाने ओढली की टक्कन तुटते, त्यापेक्षा बारीक स्क्रू ड्रायव्हरने हळूच दाबायची आणि वायर न ओढता प्लगला धरून हलवायचं. असं करत करत सगळं हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा, अखंड बाहेर काढायचं. बोल्ट ज्या भागाचे त्याच्याच पिशवीत, वर नाव. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही नाही, खाली स्टँड लावलेच पाहिजेत, ह्यात चर्चा नाही.

हे चालू असतानाच नियम वाचून घ्या. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायला प्रत्येक देशाचे नियम वेगळे आणि ते नंतर बघू म्हणून चालत नाही. ब्रिटनमध्ये आयव्हीए नावाची तपासणी असते, त्यात ब्रेक, दिवे, धूर तर बघतातच, पण बाहेर आलेल्या कडा पुरेशा गोल आहेत का हेही तपासतात. असल्या गोष्टी आधी माहीत असल्या की डिझाइन त्याप्रमाणे होतं, नाहीतर झालेलं काम परत कापा.

मग बसून बघायचं. खरंच, नुसतं बसायचं. सीट जमिनीवर ठेवायची, दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करून चासीची रुंदी धरायची, लाकडाचे तीन तुकडे पेडल म्हणून लावायचे आणि जे बूट घालून गाडी चालवणार तेच घालून पाय हलवून बघायचे. सेव्हनचा पायाकडचा भाग भयंकर अरुंद असतो, ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरला लागते, ते इथे फळीवर कळलेलं बरं. उंच माणसाचे गुडघे स्टेअरिंगला लागतात, तेव्हा स्टेअरिंग कॉलम कुठून जाणार हेही आत्ताच ठरवून टाका.

वेल्डिंगला त्यानंतर. सपाट टेबल हवं, पाणसळ लावून बघितलेलं, त्यावर चासीचा आराखडा पूर्ण मापात काढायचा. पाइप बहुतेक २५ मिमीचे आणि जाडी १.६ मिमी. आधी सगळीकडे फक्त टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारायचे, दोन्ही कर्ण मोजायचे, आणि टॅकवर असतानाच इंजिन, गिअरबॉक्स, डिफ आत ठेवून बघायचं. पूर्ण वेल्ड शेवटी, आणि तेही एका कोपऱ्यात सलग नाही, इकडे थोडं तिकडे थोडं, नाहीतर उष्णतेने चासी पिळली जाते. जस्त चढवलेला पाइप तसाच वेल्ड करू नका, तो धूर फार वाईट.

माझं सध्या डिफच्या माउंटवर अडलंय. प्रॉपशाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारा फिरता दांडा) दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे यायला हवेत, नाहीतर वेगात गाडी थरथरणार, आणि गिअरबॉक्स थोडा खाली घेतला की बेलहाउसिंग (गिअरबॉक्सच्या पुढचं, क्लच झाकणारं कवच) जमिनीच्या फार जवळ येतं, वर घेतला तर बॉनेट बसत नाही. कदाचित डिफच थोडा वर उचलावा लागेल, पुठ्ठ्याचे माउंट कापून बघतोय.