बरा आहे, मग गोळ्या कशाला?

माझा धाकटा भाऊ नोकरी करतो, लग्नकार्यात पंगतीला वाढतो, चारचौघांत हसतो-बोलतो. त्यामुळे त्याला बायपोलर, म्हणजे कधी उन्मादाचे तर कधी नैराश्याचे झटके आणणारा मनाचा आजार आहे, हे ठाऊक असलेले नातेवाईक हटकून विचारतात, "आता तर तो अगदी बरा आहे, मग गोळ्या अजून कशाला?" परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी आनंद आणि संध्याकाळी रुसवा, असा हा आजार तासातासाला पालटत नाही. उन्माद, म्हणजे डॉक्टर ज्याला मेनिया म्हणतात तो, आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकतो. नैराश्य निदान दोन आठवडे आणि पुष्कळदा कित्येक महिने ठाण मांडते. मधल्या काळात माणूस खरोखरच बरा असतो, आणि घरचे फसतात ते तिथेच.

पहिल्या उन्मादात त्याने रात्री अडीच वाजता माळ्यावरची पितळी भांडी उतरवून चिंचेने घासायला घेतली होती. "ताई, मला झोपेची गरजच उरली नाही," असे तो म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थकव्याचा मागमूस नव्हता, आणि आम्ही मात्र स्वारी खुशीत आहे असे समजून कौतुक करीत बसलो. पुढे नैराश्यात हाच मुलगा पेस्ट लावलेला ब्रश हातात धरून अर्धा अर्धा तास बेसिनपाशी उभा राही. तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो, पण भांड्यांच्या त्या रात्रीबद्दल अवाक्षरही काढले नाही. नुसत्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी काही रुग्णांत उन्माद उसळतो, हे आम्हाला कुठे ठाऊक होते? तो उसळलाच.

आता तो लिथियम घेतो. उन्मादावरचा लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला, आणि पुढचा झटका येऊ न देणे हे आजही त्याचे मोठे काम आहे. म्हणजे तुम्हाला गोळी निरुपयोगी वाटते, तेव्हाच ती कामाला असते. औषध तसे लहरी आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन त्याची पातळी पाहावी लागते, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि शरीरातले पाणी कमी झाले की ही पातळी धोकादायक वाढू शकते. म्हणून आमच्या आईने त्याची निर्जळी एकादशी बंद केली. विठोबाशी काय ते मी बोलेन, म्हणाली.

झोपेची वही तो स्वतः लिहितो. सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली तर डॉक्टरांना फोन करायचा, असे आमचे ठरले आहे. गेल्या दिवाळीत तो फोन त्यानेच केला, मला कळले ते नंतर.