बारा की एकवीस?

"पण कागदावर तर बाराच टक्के लिहिलंय ना रे?" मावशी स्क्रीनकडे बघत म्हणाली.

तिचं लोन १ लाखाचं, ३ वर्षांचं, १२ टक्के फ्लॅट. व्याज ३६ हजार, हप्ता ३,७७८. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लावलेलं. सध्या पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय, म्हणून एक छोटा लूप लिहिला, एक दर धरायचा, त्या दराने ३६ हप्त्यांची आजची किंमत (म्हणजे पुढे भरायचे ते पैसे आज किती मोलाचे) काढायची, लाखाच्या वर गेली तर दर वाढवायचा, खाली आली तर उतरवायचा, असं करत करत आकडा स्थिरावला २१.२ टक्क्यांवर!

मावशी काहीच बोलली नाही, नुसती हप्त्यांचं कार्ड उलटसुलट करत राहिली. फार वाईट वाटलं.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहून देणं सक्तीचं केलंय, फार चांगलं झालं. मावशीचं लोन त्याच्या आधीचं.

शाळेत चक्रवाढ व्याजाची गणितं ढीगभर सोडवली आपण, मग हप्त्यावरून दर काढायला का नाही शिकवत? दहा-बारा ओळींचा तर कोड आहे.

तुमच्या घरात कुणाचं फ्लॅट रेटचं लोन चालू आहे का? आकडे पाठवा, मी काढून देतो.