तीन फूट पुढे आलेला दरवाजा

इंदिरानगरमधील आमच्या बारा सदनिकांच्या इमारतीत गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरील एका कुटुंबाने आपला मुख्य दरवाजा लॉबीत तीन फूट पुढे घेण्याची परवानगी मागितली. लॉबीचा तो कोपरा सहा फूट रुंद, चपलांच्या रॅकखेरीज कशालाच न लागणारा. म्हणजे प्रश्न अवघ्या १८ चौरस फुटांचा होता. सभेत नऊ जणांनी लगेच ‘आमची हरकत नाही’ असे सांगितले. असोसिएशनचा सचिव म्हणून मी मात्र तेवढ्यावर ठराव मंजूर असे लिहायला नकार दिला आणि त्यामुळे काही जण नाराज झाले.

नाशिकमधील पुष्कळ इमारतींप्रमाणे आमचीही इमारत सहकारी संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली येते. अशा इमारतीचे डिक्लेरेशन, म्हणजे मालकीचे घोषणापत्र, नोंदवलेले असते आणि सामाईक जागेतील प्रत्येकाचा अविभक्त (वेगळा काढून न देता येणारा) हिस्सा त्यात टक्क्यांनी दिलेला असतो. कलम ६ नुसार हा हिस्सा कायमस्वरूपी असून, सर्व मालकांच्या संमतीने दुरुस्त डिक्लेरेशन करून ते नोंदवल्याखेरीज त्यात बदल करता येत नाही. देखभालीचा खर्चही याच टक्केवारीने वाटला जातो. लॉबीचा तुकडा एका घरात गेला, तर तो बाकीच्या अकरा जणांच्या हिश्श्यातून जातो. मग त्या सभेला न आलेल्या तिघांना गृहीत धरण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

शेजारच्या दोन सदनिकांमधली भिंत परस्परसंमतीने थोडी सरकवायची असेल, तर मात्र माझे मत वेगळे आहे. ती भिंत इमारतीचा भार वाहत नाही असे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिले, महापालिकेने सुधारित नकाशा मंजूर केला आणि इतरांच्या टक्केवारीला धक्का लागला नाही, तर केवळ त्या दोघांची टक्केवारी आपसांत बदलते म्हणून परगावी राहणाऱ्या प्रत्येक मालकाच्या सहीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागणे मला अन्यायाचे वाटते. अशा किरकोळ बदलासाठी कायद्यात सोपी, वेगळी वाट असायला हवी. सामाईक जागेच्या बाबतीत ती सवलत नको, कारण आज चपलांचा कोपरा गेला की उद्या जिन्याखालची जागा आणि परवा गच्चीचा भाग मागितला जातो.

आम्ही मूळ नकाशाच्या झेरॉक्सवर तांबड्या पेन्सिलीने नवी रेघ आखली, मापे लिहिली आणि ती प्रत बाराही मालकांना पाठवली. दोघांनी पुण्याहून संमतिपत्रे पाठवली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र आधी वर जाऊन तो कोपरा पाहिला, स्ट्रेचर वळवायला जागा उरेल का असे विचारले, आणि आम्ही टेपने मोजून दाखवल्यावरच सही केली. त्यांचा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. दुरुस्त डिक्लेरेशनचा मसुदा आता वकिलांकडे आहे. त्याची नोंदणी आणि महापालिकेची मंजुरी होईपर्यंत दरवाजाला हात लावायचा नाही, असे त्या कुटुंबाने स्वतःच लिहून दिले आहे.