युरोच्या बिलांसाठी ब्रोकर निवडताना

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. कास्टिंग बाहेरून घेतो, मशीनिंग करून पंपांचे भाग युरोपात पाठवतो. हिशेब मी बघते. मोठं गिऱ्हाईक जर्मनीतलं, त्यांच्या एका खेपेचं बिल २५ हजार युरोच्या आसपास होतं आणि पैसे दोनेक महिन्यांनी ठरल्या तारखेला जमा होतात. दुसरं गिऱ्हाईक इटलीतलं, बिल दहा हजारांच्या आत-बाहेर आणि पैसे कधी येतील याचा नेम नाही. युरो एका रुपयानं पडला की जर्मनीच्या बिलात २५ हजार रुपये कमी. आमच्याकडे तो एका ऑपरेटरचा महिन्याचा पगार आहे. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात ठरवलं, की माल निघाला की भाव बांधून टाकायचा आणि त्यासाठी चांगला फॉरेक्स (परकीय चलनाचा) ब्रोकर शोधायचा. कोल्हापूर-सांगलीकडे आमच्यासारखे छोटे निर्यातदार पुष्कळ आहेत. जाहिराती त्यांच्यापर्यंत रोज पोचतात, नियम मात्र क्वचितच पोचतात. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं नाव घरातूनच आलं. भाचा फोन घेऊन आला, "मामी, ह्ये बघा, पाचशेपट लिव्हरेज देत्यात, ब्रोकरेज शून्य." लिव्हरेज म्हणजे खात्यातल्या पैशाच्या इतक्या पट रकमेचा सौदा करायची मुभा. ॲप देखणं होतं. वेबसाइटच्या तळाशी लंडनच्या नियामकाचा परवाना क्रमांकही होता. मी त्याला म्हटलं, खातं उघडताना जो करार येतो तो आधी दाखव. तो करार कुणी वाचत नाही, पण सगळं तिथेच असतं. त्यात आपल्याशी व्यवहार करणारी कंपनी म्हणून जे नाव होतं ते लंडनच्या कंपनीचं नव्हतं. ती सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनेडीन्स या कॅरिबियन बेटांवर नोंदलेली वेगळीच कंपनी होती. त्या देशाची वित्तीय नियामक संस्था स्वतःच सांगते, की आम्ही फॉरेक्स ब्रोकिंगचे परवाने देत नाही. माझी मावसबहीण लंडनला असते, तिला फोन केला. तिनं त्याच ब्रँडच्या साइटवर तिथला पत्ता टाकून पाहिलं तर करार इंग्लंडच्या कंपनीशी, लिव्हरेज जास्तीत जास्त तीसपट आणि खात्यातल्या पैशापेक्षा जास्त नुकसान ग्राहकाच्या माथी येणार नाही अशी हमी. २०१८ पासून युरोपात आणि इंग्लंडमध्ये किरकोळ ग्राहकांना हे नियम लागू आहेत. कोल्हापूरचा पत्ता टाकला की मात्र तोच ब्रँड बेटावर जातो. पैसे भरायच्या पानावर यूपीआयचा क्यूआर होता आणि स्कॅन केल्यावर कुणा व्यक्तीचं नाव आलं. तिथे मी भाच्याच्या हातातून फोन घेऊन ठेवला.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट काढून बसले. अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची ही यादी सप्टेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्यात ३४ नावं होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ७५ झाली. यादीत नाव नाही म्हणजे कंपनीला परवानगी आहे, असं नव्हे, हेही रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलंय. एलआरएस, म्हणजे इथल्या माणसानं परदेशात पैसे पाठवायच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) भरायला ते चालत नाहीत. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. भारतात राहून हे करायचं तर दोनच दारं, परवानाधारक बँक किंवा एनएसई-बीएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचा सेबी-नोंदणीकृत ब्रोकर. स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतली फट) आणि ब्रोकरेजचे तक्ते त्याच्यानंतर.

एक्स्चेंजच्या दारातही २०२४ मध्ये नवं कुलूप बसलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारीच्या परिपत्रकानं स्पष्ट केलं, की रुपयाशी जोडलेले करन्सी फ्यूचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेचा चलनाचा भाव आज बांधणारे एक्स्चेंजवरचे करार, फक्त ज्याच्याकडे खरं येणं-देणं आहे त्यानं जोखीम झाकण्यासाठी घ्यायचे. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण येणं खरं असलं पाहिजे आणि तेच येणं दुसऱ्या कुठल्या करारात बांधलेलं नसलं पाहिजे. एप्रिलच्या सुरुवातीला ब्रोकरांनी ग्राहकांना धडाधड मेल पाठवले, तसं जाहीर करा नाहीतर सौदे बंद करा. शेवटी अंमलबजावणी ३ मेपासून झाली. आमच्याकडे खरी बिलं होती, त्यामुळे आम्हाला अडचण नव्हती. पण ब्रोकर निवडताना याचा उपयोग झाला. एका ब्रोकरच्या माणसानं फोनवर सांगितलं, "मॅडम, टिक करा हो, कोण बघतंय." तो ब्रोकर मी तिथेच सोडला. दुसऱ्याकडच्या मुलीनं विचारलं, बिल कुठल्या चलनात आहे, पैसे कधी येणार आणि बँकेत फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारा करार, घेतलाय का. तिचा नंबर ठेवून घेतला.

मग आकडे मांडले. युरो-रुपयाचा एक लॉट, म्हणजे सौद्याचं किमान माप, हजार युरोचा. डिस्काउंट ब्रोकर एका ऑर्डरला २० रुपये सांगत होते, जुन्या पद्धतीचा ब्रोकर लॉटमागे १५. दहा लॉटला २० की १५०, एवढाच फरक. करन्सीत एसटीटी (शेअरच्या सौद्यांवरचा कर) नाही, स्टॅम्प ड्यूटी नगण्य. खरा खर्च स्क्रीनवर होता. मे महिन्यानंतर उलाढाल आटली होती. डॉलर-रुपयात खरेदी-विक्रीचे भाव एकमेकांना चिकटून दिसायचे, युरो-रुपयात मात्र मध्ये सहज पाच पैशांची फट, आणि पुढच्या महिन्याचा करार उघडला तर समोर ऑर्डरच नाहीत. पाच पैशांची फट म्हणजे लॉटमागे ५० रुपये, दहा लॉटला ५००. ब्रोकरेज २० आहे की १५० यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही, हे तो डेप्थ, म्हणजे समोर लागलेल्या ऑर्डरींची यादी, काही दिवस रोज बघितल्यावर पटलं. ज्याला हे करायचं असेल त्यानं सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात वेगवेगळ्या तासांना ती खिडकी उघडून बघावी.

त्याहून मोठी गोष्ट एमटीएमची, म्हणजे रोजच्या भावानं होणाऱ्या हिशेबाची. आपण युरो विकून ठेवला आणि युरो चढला, तर रोजच्या रोज फरक खात्यातून जातो. बिलात तेवढेच जास्त पैसे येणार असतात, पण ते दोन महिन्यांनी. मधला रोकडा आपण उभा करायचा. म्हणून प्रत्येक ब्रोकरला मी एकच विचारत गेले, मार्जिन कमी पडलं तर तुम्ही काय करता? कुणी म्हणालं, सिस्टीम आपोआप सौदा कापते. एकाकडे उशिराच्या पैशावर वर्षाला १८ टक्के व्याज होतं. ज्या मुलीचा नंबर ठेवला होता तिच्या फर्ममध्ये आदल्या संध्याकाळी फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुदत मिळते, शिवाय एफडी तारण ठेवून मार्जिनचा काही भाग भागवता येतो. त्यांचा आयएनझेडनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर ताडून पाहिला, एनएसईच्या साइटवर त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीही पाहिल्या. ब्रोकरेज त्यांचं सगळ्यांत जास्त होतं. तरी खातं तिथेच उघडलं.

बँकेत फॉरवर्ड विचारला तेव्हा शाखेतून पहिला भाव आला तो बाजारभावापेक्षा ४० पैसे खाली. मी साहेबांना म्हटलं, स्क्रीन माझ्यासमोर उघडी आहे, मुंबईच्या डीलिंग रूमला पुन्हा विचारा. १५ पैशांवर आलं. जर्मनीच्या एका बिलावर ही २५ पैशांची घासाघीस ६,२५० रुपयांची झाली. फॉरवर्डमध्ये एमटीएम नाही आणि पुढच्या तारखेचा प्रीमियम (आजच्या भावावरची वाढ) विकणाऱ्याला मिळतो. पण ठरल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर करार रद्द करण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा भुर्दंड पडतो. जर्मनीचे पैसे तारखेला येतात, त्यांना फॉरवर्ड सोयीचा. इटलीवाल्यासाठी फ्यूचर्स बरं, पैसे जमा होतील त्या दिवशी सौदा उलटवायचा.

जूनच्या अखेरीस युरो ८९-९० च्या घरात असताना दोन्हीकडे बांधलं. जुलैचा करार संपताना ऑगस्टचा घेतला, त्या फेऱ्यात फट दोनदा मोजावी लागली. मग युरो चढतच गेला आणि ऑगस्टच्या अखेरीस ९३ च्या वर पोचला. फ्यूचर्सच्या खात्यातून जवळजवळ ४० हजार रुपये थोडेथोडे करून गेले. संध्याकाळचे फोन दोन-तीनदा आले, एफडी कामाला आली, सौदा कापला गेला नाही. इटलीचे पैसे आले तेव्हा चढ्या भावात तो फरक भरून निघाला. सीएंनी सांगितलं, की मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचा हा व्यवहार आयकरात सट्टा धरत नाहीत, तोटा आणि बिलातली वाढ दोन्ही धंद्याच्याच हिशेबात बसतात.

ह्यांनी विचारलं, जर्मनीचं बांधलं नसतं तर लाखभर जास्त मिळाले असते ना? मिळाले असते. पण त्या मालाची किंमत आम्ही नव्वदचा युरो धरून काढली होती, त्या भावाला कास्टिंगवाल्याचे पैसे, पगार आणि आमचा नफा सगळं बसत होतं, आणि ते तसं बसलं. आता जर्मनीला नवं कोटेशन पाठवायच्या आधी मी बँकेला फोन करून दोन-तीन महिन्यांचा फॉरवर्ड भाव घेते आणि किंमत त्याच भावानं काढते.